सशांच्या सोयरिकी

किस्से मुद्दाम लिहून ठेवायचे नसतात. दोन नोंदींच्या मधे जी मोकळी ओळ राहते, तिच्यात ते आपोआप साचतात. परवा एका पिल्लाची जन्मतारीख शोधायला जुन्या डायऱ्या काढल्या. तारीख पहिल्या पाच मिनिटांत सापडली. पण वाचत बसलो तो दोन तासांनी उठलो, चहा तसाच राहिलेला. बायको म्हणाली, "आवं, च्याचं काय पिठलं झालं का बगा आता!"

तर हे त्या मोकळ्या ओळींमधले किस्से. आधीच सांगतो, ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक किश्शात मी रंगनाथवर जळतो आहे. कुठे थोडा, कुठे फार. डायरी खरी लिहायची सवय आहे, म्हणून हेही खरंच लिहितो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून चाललेल्या बंदचे आणि मोर्चांचे ते दिवस. परभणीच्या बाहेर आमच्या वनखात्याचं एक छोटंसं केंद्र होतं. गावकरी त्याला 'सशाचा दवाखाना' म्हणायचे. रानातले ससे त्या वर्षांत झपाट्याने कमी होत होते. गायरानं नांगरली गेली, शिकार तर होतीच. जे उरले ते इकडे दहा, तिकडे आठ असे तुटक कळप. आणि अशा तुटक कळपात आतल्या आत पैदास होत राहिली की वंश खंगतो, असं आमच्या साहेबांचं सांगणं. म्हणून बोरी, चुडावा आणि राणीसावरगाव अशा तीन गावांच्या रानांतून ससे आणायचे, एका गावचा नर दुसऱ्या गावच्या मादीला द्यायचा, आणि तयार झालेली पिल्लं बोरीच्या राखीव गायरानात सोडायची.

अट एकच होती. प्रत्येक पिल्लाचे आईबाप वेगवेगळ्या गावचे आहेत, हे वहीवरून सिद्ध झालं पाहिजे. झालं तर पिल्लं रानात. नाही झालं तर केंद्राला कुलूप आणि सशांचं काय करायचं ते वरचे ठरवतील.

ती वही माझ्याकडे होती. मी मॅट्रिक. पण साहेबांच्या कपाटातलं अनुवंशाचं पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचलं होतं. केंद्राच्या अहवालात शेवटी आभाराची एक ओळ असते. त्या ओळीत आपलं नाव यावं, एवढीच माझी इच्छा. रंगनाथचं येऊ नये, ही दुसरी.

*

सुरुवात बोरीच्या पारावर झाली. माझं आजोळ बोरी आणि सासरही बोरीच, त्यामुळे साहेबांनी ओळखीला मला बरोबर घेतलं. साहेब पुण्याकडचे. ते उभे राहून समजावून सांगू लागले.

"जवळच्या नात्यात जोडी लागली की वंश दुबळा होतो. पिल्लं कमी होतात, रोगाला लवकर बळी पडतात. म्हणून सशांची जोडी लावताना जवळचं नातं टाळायचं."

एका म्हाताऱ्याने विचारलं, "सख्खं भाऊ-बहीण न्हाई, ते समजलं साहेब. मामाची पोरगी चालती का?"

"मुळीच नाही!"

पारावरच्या दोन-तीन बायांनी तोंडाला पदर लावला. म्हातारा हळूच म्हणाला, "मंग साहेब, हितं बसलेला निम्मा गाव तुमच्या वहीत बाद हाय!"

साहेब गोंधळले. आधारासाठी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. तेवढ्यात मागून एक सडपातळ, चाळिशीचा माणूस तंबाखू मळत म्हणाला, "ह्यांला कामून बगायलाव साहेब? आमच्या दाजींची बायको बी मामाचीच पोरगी हाय की!"

हा रंगनाथ. बायकोच्या गावचा, म्हणून ती त्याला दादा म्हणते आणि तो मला दाजी. अख्खा पार हसला. साहेबही हसले. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं आहे: "बोरी येथे व्याख्यान. उपस्थिती चांगली. रंगनाथ नावाचा इसम आगाऊ आहे."

त्यानंतर पाच दिवस साहेब, मी आणि आमचा ड्रायव्हर मुनीरभाई जाळं घेऊन रानात फिरलो. ससा दिसायचा, हातात यायचा नाही. सहाव्या दिवशी रंगनाथ केंद्राच्या दारात आला. पाठीवर टोपली. टोपलीत तीन ससे.

"कसे धरलेस?" साहेबांनी विचारलं.

"धरायचं काय त्याच्यात? बसल्या जागंवरून उचलले."

साहेबांनी त्याला त्याच दिवशी कामावर घेतलं. माझ्या नेमणुकीला अकरा महिने लागले होते!

*

सशांना ओळखायचं कसं, हा पहिला प्रश्न. साहेबांनी सोपी खूण ठरवली. बोरीच्या सशाच्या डाव्या कानाला खाच, चुडाव्याच्या उजव्या, आणि राणीसावरगावच्या दोन्ही कानांना. बोरीच्या पहिल्या सशाला एक खाच, दुसऱ्याला दोन, असं पुढे. शेळ्यांच्या कानाला मारतात तशीच.

माद्यांचा घोटाळा नव्हता. ज्या गावची मादी, त्या गावच्या नावाच्या कप्प्यात. कप्प्यावर पत्र्याची पाटी. नर मात्र नंबर घातलेल्या कप्प्यांच्या एका लांब ओळीत ठेवलेले आणि सारखे इकडून तिकडे हलायचे. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला मी वही घेऊन जाळीपुढे उकिडवा बसायचो. ससा मागच्या भिंतीला पाठ लावून माझ्याकडे टक लावून बघायचा. मी त्याचे कान बघून लिहायचो. त्यावरून कुठल्या कप्प्यातला नर कुठल्या मादीकडे सोडायचा, त्याची यादी करायचो आणि ती रंगनाथच्या हातात द्यायचो.

पहिल्याच दिवशी रंगनाथ माझ्या मागे येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या अंगानं नगा बगू. त्याच्या अंगानं बगा."

ससा मला काय सांगणार आहे! त्याच्या असल्या बोलण्यावरच साहेब खूश असायचे. मी म्हणालो, "रंगनाथ, मला डोळे आहेत. मी स्वतः बघितल्याशिवाय अक्षर लिहीत नाही आणि बघितल्यावर कुणाला विचारत नाही."

"बरं," तो म्हणाला आणि घास टाकायला निघून गेला.

गंमत म्हणजे त्याला कान बघायची गरजच नव्हती. सगळे ससे तो तोंडावरून ओळखायचा. मुनीरभाईने एकदा त्याची परीक्षा घेतली. गोणपाटाने सशांचे कान झाकून एकेक समोर धरला. रंगनाथ सांगत गेला, "हे बोरीचं दुसरं. हे चुडाव्याचं, घाबरट. हे राणीचं, ह्याला मागल्या साली पायाला लागलं होतं." एकही चुकलं नाही.

मुनीरभाई माझ्याकडे वळून म्हणाला, "अंबादासभाऊ, इस्कू तो वही की जरूरतच नहीं!"

मी म्हणालो, "वहीची गरज सरकारला आहे."

"सही बात है. लेकिन तुम जलो मत, चाय पिओ."

*

एक मादी गाभण होती. मी रोज तिचं वजन करायचो आणि आलेख कागदावर टिंब देऊन रेघ ओढायचो. रेघेवरून माझं अनुमान, तीन पिल्लं. रंगनाथने पोटाला नुसता हात लावला आणि म्हणाला, "दोन असतील."

साहेबांनी दोघांचं अनुमान फळ्यावर लिहिलं. अंबादास तीन, रंगनाथ दोन. आठवडाभर येणारा-जाणारा फळा वाचायचा. मला झोप लागेना.

मादी व्याली. सकाळी गवत बाजूला करून बघितलं. दोन पिल्लं! अंगावर केस, डोळे उघडे, टकमक बघणारी. रानातल्या सशाची पिल्लं जन्मतःच अशी असतात. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेब म्हणाले, "अंबादास, अनुभव तो अनुभव."

पण रेघ खोटी कशी बोलेल? मी दिवसभर कप्प्याशी बसून राहिलो. पुस्तकात वाचलं होतं की ही आई पिल्लं एका जागी ठेवत नाही, वेगवेगळी लपवते. दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी कोपऱ्यात, कुसळी गवताच्या बुडख्याशी, तिसरं पिल्लू सापडलं. मी ओरडलोच, "तीन! तीन!" साहेब धावत आले. मुनीरभाईने हॉर्न वाजवला. वीस पावलांवर रंगनाथ हसत उभा.

"काय रंगनाथ? किती आहेत?"

"तीन हायत की," तो म्हणाला. "ते तर म्या कालच बगितलं होतं. मनलं, दाजींला सापडू द्यावं."

त्या दिवशीच्या नोंदीत 'तीन' हा आकडा मी इतका दाबून लिहिला आहे की मागच्या पानावर उमटलाय.

*

तालुक्याच्या एका पुढाऱ्याला आमच्या केंद्राबद्दल कळलं. तो बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी घेऊन आला. लाल डोळे, कापसासारखं अंग, गळ्यात फिती!

"साहेब, तुमाला नवं रगत पायजे मनं. हे घ्या, एकदम फॉरेन. सोडा ह्यांला तुमच्यात."

साहेबांची पंचाईत झाली. पुढाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्याच दिवशी, दिवाबत्तीच्या आत, दोन पानांचं टिपण तयार केलं. हा पाळीव ससा वेगळा, रानातला वेगळा. ह्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, त्याची केसाळ आणि डोळस. दोघांची जोडी लागली तरी पैदास होत नाही. खाली तीन आकृत्या काढल्या, शाईने.

दुसऱ्या दिवशी पुढारी उत्तर घ्यायला आला. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि "मुद्दा क्रमांक एक" म्हणालो. पुढाऱ्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

रंगनाथ दारात घासाचा भारा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मालक, पोरगी देखणी हाय, त्याच्यात वाद न्हाई. पर त्यांच्याकडं बिळात ऱ्हायची रीत. आमच्याकडं सगळे उघड्यावर. चार दिवसांत माहेरी येईल आन् बदनामी तुमची हुईल!"

पुढारी पोट धरून हसला. जोडी पिशवीत घातली आणि जाताना रंगनाथच्या पाठीवर थाप मारली. "ह्या माणसाला शास्त्र समजतंय, साहेब!"

माझं टिपण अजून डायरीत घडी घालून आहे. आकृत्या चांगल्या आल्यात.

*

राणीसावरगावचा एक नर आणायचा होता. आमच्याकडचा तिथला शेवटचा नर म्हातारा झालेला. दुसरा मिळाला नाही तर तीन गावांपैकी एका गावाचा वंश तिथेच संपणार. तिथल्या शेतकऱ्याने तुरीच्या रानात धरून ठेवल्याचा निरोप आला आणि नेमका त्याच दिवशी बंद! एस. टी. बंद, दुकानं बंद. सशाला डालग्याखाली ठेवून दोन दिवस झाले होते. तो काही खात नव्हता. साहेब म्हणाले, "जीप घेऊन जा, पण जपून."

जाताना काही झालं नाही. येताना गंगाखेडच्या अलीकडे रस्त्यावर दगड मांडलेले आणि पंधरा-वीस जण उभे. हातात काठ्या. एक जण जीपशी आला.

"नाव काय? आडनाव सांगा. कोणत्या गल्लीत ऱ्हाता?"

त्या दिवसांत आडनाव कशासाठी विचारतात, ते सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या आडनावाला काय होईल, हे मात्र त्या त्या चौकावर अवलंबून. मुनीरभाईने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. माझ्या खिशात सरकारी ओळखपत्र होतं. हात खिशाकडे जाईना.

रंगनाथने मांडीवरच्या टोपलीवरचं फडकं वर केलं. "आमचं ऱ्हाऊ द्या. ह्याचं विचारा."

"काय हाय त्याच्यात?"

"ससा. सावरगावचा. आमच्याकडं बोरीच्या आन् चुडाव्याच्या पोरी हायत, त्यांच्यासाठी नवरदेव घेऊन चाललाव. एकाच घरातलं, एकाच घरातलं करीत बसलं की जात मरती, भाऊ. मनून इतक्या लांब यावं लागलं."

तो माणूस सशाकडे बघत राहिला. ससा त्याच्याकडे. मागचा एक जण आधी हसला. मग काठी खाली गेली. दोघांनी दगड बाजूला केले. एक जण तर म्हणाला, "पाणी पाजा त्याला, जीभ सुकलीय."

केंद्रावर उतरल्यावर मुनीरभाईने रंगनाथला मिठी मारली. मी बाजूला उभा होतो. जीव वाचल्याचा आनंद होताच. पण ते वाक्य आपल्याला सुचलं नाही, हेही तेवढंच टोचत होतं. इतकं जळणं बरं नव्हे, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

*

रेघेचा उपयोग झाला नाही. पुढच्या महिन्यात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला.

मी नवा सदरा, त्यावर निळा स्वेटर घालून गेलो होतो. तिन्ही गावच्या वंशावळीचा मोठा तक्ता भिंतीला लावला. फोटोग्राफर म्हणाला, "वा, तक्ता छान आहे. तुम्ही वही घेऊन इथे उभे राहा. ससा कोण धरेल?"

ससा कोण धरणार? रंगनाथ!

आठवड्याने फोटो छापून आला. मधोमध रंगनाथ. त्याच्या छातीशी ससा, दोघेही एकाच बाजूला बघतायत, जणू जुळे भाऊ. उजव्या कडेला वहीचा एक कोपरा आणि एक कोपर.

मी पेपर घरी नेला आणि बायकोपुढे ठेवला. तिने बराच वेळ निरखलं.

"रंगनाथदादा किती झ्याक आलाय!" मग जरा वेळाने, "आन् हे कोपर तुमचंच हाय."

"कशावरून?"

"मीच रफू केलंय की त्याला!"

रंगनाथने तो फोटो चौकटीत घालून आणला. मला द्यायला! "दाजी, घरी लावा. तुमची वही आलीय त्याच्यात."

*

आता शेवटचा.

दोन वर्षं झाली. पिल्लं सोडण्याजोगी वाढली आणि वरून तपासणीला एक बाई आल्या. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. साहेब आदल्या दिवसापासून घामाघूम. बाईंच्या शेऱ्यावर सगळं ठरणार होतं. पिल्लं रानात की केंद्राला कुलूप.

बाईंनी चहाही घेतला नाही. "वही कुठे आहे?"

मी पुढे केली. दोन वर्षांची, एक खाडाखोड नाही. कुठला नर, कुठल्या मादीकडे, किती तारखेला सोडला, पिल्लं किती. बाई तासभर वाचत राहिल्या. मधे मधे पिल्लांच्या कप्प्यांकडे जाऊन बघून आल्या.

"पिल्लं दणकट आहेत," त्या म्हणाल्या. "नात्यातली असती तर इतकी टिकली नसती. आता नरांची नोंद ताडून बघू. कप्पा क्रमांक पाचमधला नर आणा."

रंगनाथने ससा आणला. नेहमी मी सशाच्या समोर असायचो, जाळीच्या अलीकडे. आज बाई टेबलापलीकडे वही उघडून बसल्या होत्या, म्हणून रंगनाथ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सशाचं तोंड आम्हा दोघांसारखंच बाईंकडे. मला त्याची पाठ दिसत होती आणि मागून दोन उभे कान.

"कुठला हा? कान बघून सांगा. मी वहीत बघते."

मी बघितलं. दोन खाचा. डाव्या कानाला. माझ्या डाव्या हाताला, सशाच्याही डाव्या हाताला.

डावा म्हणजे बोरी. बोरी दोन.

पण कप्पा पाच माझ्या तोंडपाठ होता. वहीत तिथे लिहिलं होतं, चुडावा दोन.

ससा समोर तोंड करून बसला की त्याचा डावा कान माझ्या उजव्या हाताला येतो. एवढी साधी गोष्ट. दोन वर्षं मी जाळीपुढे उकिडवा बसून माझ्या हाताप्रमाणे डावं-उजवं लिहीत आलो होतो. बोरीचा प्रत्येक नर माझ्या वहीत चुडाव्याचा झाला होता आणि चुडाव्याचा बोरीचा. आणि त्याच नोंदीवरून मी याद्या केल्या होत्या. म्हणजे 'चुडाव्याचा नर' म्हणून बोरीच्या माद्यांकडे मी धाडला होता तो बोरीचाच. भावाला बहिणीकडे! दोन वर्षं!

मी टेबलाची कड धरली. साहेब माझ्याकडे बघत होते. बाईंनी चष्म्यावरून वर बघितलं.

"सांगा ना. कुठला?"

तेव्हा रंगनाथने अंग वळवलं आणि ससा माझ्या समोर धरला. तोंड माझ्याकडे, जाळीमागे बसायचा तसा. खाचा आता माझ्या उजव्या हाताला आल्या.

"आता बगा, दाजी," तो म्हणाला.

दोन वर्षांची सवय. मी वाचलं, "चुडावा दोन."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि वहीत खूण केली.

मग त्यांनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. नोंदी बिनचूक, पिल्लं सोडण्यास योग्य. साहेबांना म्हणाल्या, "अहवालात ह्या गृहस्थांचं नाव घाला. अशी वही मी आजवर बघितली नाही."

साहेबांनी माझा हात हातात घेतला. मुनीरभाईने जीपचा हॉर्न वाजवला. पहिली टाळी वाजली ती रंगनाथची, ससा बगलेत धरून.

बाईंची गाडी गेली. दुपारी चारला, घास टाकायच्या वेळी, मी माद्यांच्या कप्प्यांकडे गेलो. रंगनाथ एकटाच होता. लसूणघासाच्या पेंढ्या सोडत होता.

"रंगनाथ."

"बोला दाजी."

"मी दिलेल्या यादीप्रमाणे नर सोडलेस का तू?"

"यादीपरमानंच सोडले की."

"खरं सांग."

त्याने पेंढी खाली ठेवली. "तुमी बोरी दोन लिवलेल्या कप्प्यात चुडावा दोन बसलेला, मनून म्या तुमच्या चुडावा दोनच्या कप्प्यातला उचलायचा. चुडावा दोन लिवलं की तुमच्या बोरी दोनच्या कप्प्यातला. तिकडं वहीत ज्याचं नाव लिवलेलं, इकडं आईकडं खराखुरा तोच गेला. राणीवाल्यांला तर दोन्ही कानाला खाच, त्यांचा घोरच न्हवता."

"पण तुला कसं कळलं?"

"पयल्याच यादीत बोरीचा बोरीतच धाडला तुमी. एका गावात सोयरीक कशी करावी दाजी?"

मी खाली मातीवर बसलो. पलीकडे दोन पिल्लं जाळीला नाक लावून घासाची वाट बघत होती. आई बोरीची, बाप चुडाव्याचा. वहीत तसंच होतं आणि खरंही तसंच होतं.

"दोन वर्षं, रंगनाथ! मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, पयल्या दिशी. तुमी मनले, मला डोळे हायत."

त्याने पेंढी उचलली, निम्मा घास माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पर बाई मनल्या ते खोटं न्हाई हं दाजी. तुमची वही लय बिनचूक. दोन वर्षांत एकदा बी चुकून बरोबर लिवलं न्हाई तुमी, मनून तर निभलं!"